घाट उतरायला कोण शिकवतं?

खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणे हायवेने खंडाळ्याकडे निघालात की चढणीवर शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ट्रकवाले तिथे वेग कमी करतात, एखादं नाणं टाकतात आणि पुढे जातात. आख्यायिका अशी, की बोरघाटातून वाट कुठून काढायची हे इंग्रजांना उमगत नव्हतं. ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. खरं-खोटं बाजूला ठेवू. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: रस्ता बांधणारे वेगळे होते आणि घाट ओळखणारा वेगळा. या घाटाचा पुढचा इतिहासही तसाच घडला.

1830 साली, जॉन माल्कम गव्हर्नर असताना, बोरघाटात चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून यायचा. चाक आलं तसा नवा प्रश्न आला. चढताना बैल दमले तर गाडी थांबते. उतरताना गाडीच बैलांना पुढे ढकलते.

हा प्रश्न सगळ्यात गांभीर्याने घेतला तो रेल्वेने. 21 एप्रिल 1863 रोजी बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला. सुमारे 25 किलोमीटरमध्ये 1,831 फुटांची चढण, काही ठिकाणी 37 फुटांमागे एक फूट चढ. इथे नुसत्या ब्रेकवर आणि ड्रायव्हरच्या हुशारीवर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. म्हणून रुळांना फाटे काढले गेले, 'कॅच सायडिंग'. गाडी ताब्याबाहेर गेलीच तर ती चढावर जाणाऱ्या फाट्यात शिरते आणि तिचा वेग तिथे मरतो. पुण्याहून मुंबईला येताना मंकी हिलजवळ गाडी उगाच थांबली म्हणून तुम्ही कधी वैतागला असाल, तर ती उगाच थांबली नव्हती. घाट उतरणाऱ्या गाड्या ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेक तपासतात आणि मगच पुढे सरकतात. घाटाचं ज्ञान रेल्वेने एका माणसाच्या डोक्यात राहू दिलं नाही, त्याचा नियम केला.

रस्त्यावर तसं झालं नाही. कायदे आले, पण त्यांनी मोजले ते तास. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात होतं, की सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, आठवड्याला 54. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ते आठ आणि 48 वर आणले, विश्रांतीच्या खोल्यांचीही तरतूद केली. पण तो कायदा लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला. एक ट्रक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर एवढाच ज्याचा धंदा, तो त्याच्या बाहेरच राहिला.

मग ट्रक चालवायला शिकवत कोण होतं? उस्ताद. माझे एक मामा सत्तरच्या दशकात क्लीनर म्हणून गाडीवर चढले. काच पुसणं, टायर ठोकून हवा ओळखणं, चढावर गाडी थांबली की उडी मारून चाकामागे दगड लावणं, मागून येणाऱ्यासाठी दारावर थाप मारणं. काही वर्षांनी रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात. शिव्या भरपूर, पगार नावाला. पण घाटाचा पहिला धडा तिथेच मिळाला: ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर.

यामागे साधं विज्ञान आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक दाबून दाबून ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. एअर ब्रेक असतील तर पुन्हा पुन्हा दाबल्याने टाकीतली हवाही उतरते. मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. हे ठाऊक असूनही न्यूट्रल का करतात? कारण त्याने डिझेल वाचतं असं मानलं जातं. ट्रीपचे पैसे ठरलेले असले की वाचलेलं डिझेल हीच ड्रायव्हरची वरकमाई.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ड्रायव्हिंग स्कूलसाठी अभ्यासक्रम आखला. व्यावसायिक वाहनासाठी किमान 30 दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवणं किमान 15 तास. समृद्धी महामार्ग होण्यापूर्वी मुंबई ते नागपूर एका फेरीलाच साधारण इतके तास लागत. म्हणजे कागदावरचं सगळं शिक्षण एका फेरीएवढं, आणि त्यात घाट, पाऊस, रात्र येईलच असं नाही. एसटीच्या ड्रायव्हरला निवडीनंतर महामंडळ प्रशिक्षण देतं आणि मगच प्रवाशांनी भरलेली गाडी त्याच्या हाती सोपवतं. त्याच घाटात त्याच्या शेजारून उतरणाऱ्या ट्रकवाल्याच्या मागे असं कुणी उभं नसतं.

2002 मध्ये 94.5 किलोमीटरचा एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला. रस्ता रुंद झाला, पण उतार तिथेच राहिला. दरम्यान क्लीनर परवडेनासा झाला. आज बऱ्याच ट्रकमध्ये ड्रायव्हर एकटाच दिसतो. जुन्या व्यवस्थेचं उदात्तीकरण मला करायचं नाही. तिच्यात पोरांचं शोषण होतं आणि चुकीच्या सवयीही तितक्याच इमानाने पुढे जात. पण बरी-वाईट जी काही शाळा होती ती बंद झाली, आणि तिच्या जागी आपण पंधरा तास ठेवले.

अपघात झाला की बातमीत एक ठरलेलं वाक्य येतं: 'चालकाचा ताबा सुटल्याने'. पुढच्या वेळी ते वाचाल तेव्हा थोडं थांबा. हा ताबा त्याला कुणी शिकवला होता, किती तास झोपेविना तो गाडीवर होता आणि डिझेल वाचवण्याची गरज त्याच्यावर कुणी लादली होती, हे त्या वाक्यात नसतं. त्या तीन प्रश्नांची उत्तरं एकट्या ड्रायव्हरकडे नाहीत. ती मालकाकडे, माल पाठवणाऱ्याकडे आणि परवाना देणाऱ्याकडे मागायला हवीत.