आइसलँडचे वंशदफ्तर

मनुष्याच्या पेशीतील जनुकीय लिपी वाचण्याचे शास्त्र अवघ्या काही दशकांचे असले, तरी त्या लिपीत कोणता रोग कोठे दडला आहे हे शोधताना ज्याची पदोपदी गरज लागते, ती पिढ्यान्‌पिढ्यांची विश्वसनीय वंशावळ कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करता येत नाही. ती एखाद्या समाजाने आपल्या अगदी निराळ्या गरजांपोटी शतकानुशतके जपलेली असावी लागते. उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या बेटाने ती जपली, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांना स्वप्नातही सुचले नसते अशा कामी ती आली, म्हणून या दफ्तराचा इतिहास सविस्तर सांगण्याजोगा आहे.

इ. स. 874 च्या सुमारास नॉर्वेहून आलेल्या लोकांनी या बेटावर कायमची वसाहत केली आणि 930 साली आल्थिंग ही आपली लोकसभा स्थापन केली. त्यांच्या जुन्या कायद्यात नात्याला फार मोठे स्थान होते. कोणाच्या हातून मनुष्यवध झाला, तर त्याच्या भरपाईचा भार आणि तिचा लाभ चौथ्या पिढीच्या भावंडांपर्यंत वाटला जाई. निराधार झालेल्या माणसाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या रक्ताच्या नातलगांवर येई. विवाहही ठरावीक अंतराच्या आतील नात्यांत निषिद्ध होता. ज्याला आपले दूरचे नातलग ठाऊक नाहीत त्याला आपले हक्क आणि आपली देणी यांपैकी काहीच ठाऊक नाही, अशी ही व्यवस्था होती. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात आरी थोरगिल्सोन या विद्वान धर्मोपदेशकाने ‘इस्लेंडिंगाबोक’ हा आपल्या देशाचा संक्षिप्त इतिहास लिहिला तेव्हा त्याचा शेवट त्याने स्वतःच्या वंशावळीने केला. आणि ‘लँडनामाबोक’ या वसाहतीच्या वृत्तान्तात तर तीन हजारांहून अधिक माणसांची नावे, कोणी कोणती जमीन धरली आणि कोणाचा वंश कोणापासून चालला या तपशिलासह, वासरांच्या कातड्यावर उतरवली गेली. हिवाळ्यातील लांबलचक रात्री गवताळ मातीच्या घरांत सर्व कुटुंब लोकर पिंजत, कातत, विणत बसे, आणि एकजण दिव्यापाशी जुन्या कथा मोठ्याने वाचून दाखवी. त्या कथांतही पात्र आले की आधी त्याच्या पूर्वजांची नावे येत.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेकरू कुळांची नामावळी सापडते, तिच्याशी या परंपरेचे साम्य कोणालाही जाणवेल. परंतु आनुवंशिक रोगाचा माग काढायचा तर पुरुषांची नावे पुरत नाहीत, आईचे नाव लागते, मोलकरणीचे लागते, अनौरस अपत्याचे आणि भिकाऱ्याचेही लागते. ही उणीव आइसलँडात एका सरकारी कामामुळे भरून निघाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस बेटावर लागोपाठ आलेल्या कठीण वर्षांनी रयत हैराण झाली, तेव्हा डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने त्या मुलुखाच्या चौकशीसाठी आर्नी मॅग्नुसोन आणि पॉल विदालिन या दोन विद्वानांना मुखत्यारी देऊन नेमले. जमिनीची तपशीलवार पाहणी आणि सर्व माणसांची खानेसुमारी अशी दोन कामे त्यांच्याकडे होती. 1703 साली गावोगावच्या अंमलदारांनी एकेक शेतवाडी घेऊन तीवरील प्रत्येक जीवाचे नाव, वय आणि घरातील स्थान लिहिले: धनी, धनीण, मुले, गडी, मोलकरीण, गावाने पोसायला ठेवलेला म्हातारा, आणि घर नसलेला फिरता भिकारीसुद्धा. बेरीज झाली 50,358. त्यांत स्त्रिया 27,491 आणि पुरुष 22,867. संपूर्ण देशातील प्रत्येक व्यक्तीची नावानिशी नोंद करणारी जगातील ही सर्वांत जुनी उपलब्ध खानेसुमारी समजली जाते, आणि मला तिचे मोल विशेष वाटते ते त्यातील गरिबांमुळे. शिवाय आइसलँडातील स्त्री विवाहानंतरही पित्याच्या नावावरून पडलेले आपले नाव बदलत नाही, त्यामुळे सासरी गेलेली मुलगी दफ्तरातून नाहीशी होत नाही.

पुढे चारच वर्षांत देवीची साथ आली आणि चौथ्या हिश्शाहून अधिक प्रजा घेऊन गेली. 1783 साली लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर पडलेल्या दुष्काळातही तसाच संहार झाला. मात्र त्या शतकाच्या मध्यापासून चर्चच्या नोंदवह्यांत जन्म, विवाह आणि मृत्यू नियमाने लिहिले जात होते, म्हणून धागा तुटला नाही.

आता या दफ्तराच्या मदतीने ज्याचा माग लागला अशा एका रोगाकडे वळू. पश्चिमेकडील ब्रेदाफ्योर्दुर या उपसागराच्या परिसरात काही घराण्यांतील माणसे विशी-तिशीत, रक्तदाब वाढलेला नसताना, मेंदूत रक्तस्राव होऊन अकस्मात मरण पावत. आर्नी आर्नासोन या डॉक्टरांनी अशा घराण्यांच्या वंशावळी जुळवून 1935 साली दाखवून दिले की हा घाला आईबापांपैकी एकाकडून मुलांकडे येतो. 1972 साली आइसलँडमधीलच वैद्यांनी या रोग्यांच्या मेंदूतील धमन्यांच्या भिंतींत अमिलॉइड या चिकट प्रथिनद्रव्याचा साठा असतो असे वर्णन केले, आणि 1988 साली आस्त्रीदुर पाल्सदोत्तिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ दोष नेमका कोठे आहे ते सांगितले. सिस्टॅटिन-सी नावाच्या प्रथिनाच्या साखळीत 68 व्या जागी ल्युसिन हवे, तेथे ग्लुटामिन येते. जनुकाच्या लिपीतील एकच अक्षर बदललेले असते. मनुष्याच्या जनुकसंचात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत, आणि त्यांतील एका अक्षराने घरेच्या घरे तरुणपणी ओस पाडली.

या सर्व दफ्तराची एकत्र जुळणी 1990 च्या दशकात संगणकावर होऊ लागली. कारी स्टेफान्सोन या मज्जातंतुतज्ज्ञांनी 1996 साली डीकोड ही संस्था काढली, आणि 1998 च्या डिसेंबरात आल्थिंगने सर्व नागरिकांच्या वैद्यकीय नोंदी एका भांडारात गोळा करण्याचा कायदा मंजूर केला. ज्याने लेखी हरकत घेतली नाही त्याची संमती आहे असे त्यात गृहीत धरले होते. सुमारे वीस हजार लोकांनी हरकत घेतली. एका तरुणीने आपल्या मृत पित्याच्या नोंदी भांडारात जाऊ नयेत अशी फिर्याद केली, आणि 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने पित्याच्या नोंदींवरून मुलीच्या आनुवंशिक गुणदोषांचे अनुमान काढता येते हे मान्य करून तिच्या बाजूने निकाल दिला. ते भांडार कधीच उभे राहिले नाही. माझ्या मते न्यायालयाने योग्य तेच केले. पूर्वजांची नावे सर्वांची असू शकतात, पण आजारपण ज्याचे त्याचे असते, आणि शास्त्राची गरज कितीही मोठी असली तरी त्या आजारपणाची माहिती मागूनच घ्यावी लागते. संमती देणाऱ्या हजारो नागरिकांच्या आधारावर संशोधन पुढेही चालूच राहिले.

त्या संशोधनातून 2008 साली पाल्सदोत्तिर, आग्नार हेल्गासोन, स्टेफान्सोन प्रभृतींनी जो निबंध प्रसिद्ध केला, तो मला या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांची रीत सरळ होती: एकाच पूर्वजापासून फुटलेल्या दोन दूरच्या शाखांत रोगी आढळले, तर त्या रोग्यांना त्या पूर्वजाशी जोडणाऱ्या वाटेवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाकडे तो दोष असलाच पाहिजे, मग त्याचे रक्त कोणी तपासलेले असो वा नसो. सर्व रोग्यांचा माग सुमारे अठरा पिढ्यांपूर्वीच्या एकाच व्यक्तीपर्यंत पोहोचला. त्याहून आश्चर्य असे की, 1825 च्या सुमारास जन्मलेले वाहक सरासरी 65 वर्षे जगले होते, म्हणजे त्यांना या दोषाची बाधा जवळपास झालीच नव्हती. तेथून 1900 पर्यंत जन्मलेल्यांचे आयुर्मान उतरत उतरत तिशीवर आले. इतर प्रजेचे आयुष्य वाढत असतानाच यांचे निम्म्याहून कमी झाले. आईकडून दोष आलेल्यांचे आयुष्य पित्याकडून आलेल्यांपेक्षा नऊ वर्षांनी कमी, असाही भेद याच काळात उद्भवला.

अक्षर तेच राहिले, आणि मृत्यू मात्र तीस-पस्तीस वर्षांनी अलीकडे आला. एकोणिसाव्या शतकात त्या बेटावरचे जगणे झपाट्याने बदलले. दुधाच्या आंबट निवळीत मुरवलेल्या अन्नाची जागा मिठात टिकवलेल्या अन्नाने घेतली, परदेशी धान्य आणि साखर घरोघर आली. या बदलातच कारण असावे असा संशोधकांचा तर्क आहे. रक्ताच्या थेंबातील जनुक वाचून हे कधीही कळले नसते, कारण 1825 साली जन्मलेल्यांचे रक्त आज उपलब्ध नाही. त्यांची जन्ममृत्यूची तारीख एका धर्मोपदेशकाने वहीत इमानेइतबारे लिहून ठेवली होती, एवढ्यावरूनच ते उमगले. आणि जो रोग एकेकाळी हा दोष असूनही होत नव्हता, तो पुन्हा टाळता येईल अशी आशा त्या घराण्यांना प्रथमच वाटू लागली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कफ पातळ करण्यासाठी पूर्वीपासून दिले जाणारे एन-असेटिल सिस्टीन हे स्वस्त औषध घेतलेल्या मोजक्या वाहकांच्या त्वचेतील अमिलॉइडचा साठा कमी झालेला आढळला.