गळ्याशी आलेली गोष्ट

‘मला थायरॉइड आहे,’ असं म्हणत पेशंट समोर बसतो. बहुतेक वेळा बसते. तशी ही ग्रंथी सगळ्यांनाच असते, घाटीच्या खाली, जेमतेम २० ग्रॅमची. तरी या बोलण्याला मी हसत नाही. ग्रंथी बिनबोभाट चालते तोवर तिचं नावही कोणी काढत नाही. बिघडली की केस, कातडी, पाळी, पोट, मनाची उभारी, सगळीकडे तिचा हात पोचतो. अशा दुखण्याला ‘समग्र उपचार’ हवेत हे ओघानं आलंच. पण हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे, म्हणून या पुस्तकाच्या उंबरठ्यावरच त्याचा अर्थ ठरवून घेऊ.

गोळी बंद करून काढा सुरू करणं म्हणजे समग्र उपचार नव्हे. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. सुजलेला चेहरा, जड बोलणं, मंदावलेली हालचाल असं तिचं दुखणं. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षं जगली. तेवढ्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या! १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉलने थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं. मेंढ्यांच्या त्या कळपाचं काम आज एक इवलीशी गोळी करते. ग्रंथीच थकली असेल तर ही उणीव योगासनांनी भरून निघत नाही, हे योगाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो.

मग समग्र म्हणजे काय? पन्नाशीच्या एका बाईंचा टीएसएच डोस वाढवूनही खाली येत नव्हता. मी विचारलं, ‘ताई, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते सांगा.’ गोळीची बाटली गॅसच्या वरच्या फळीवर, वाफेत. गोळी चहाच्या घोटाबरोबर, कारण ‘तेवढंच लक्षात राहतं’. लगेच पोह्यांवर कॅल्शियमची गोळी. डोसला हातही लावला नाही. बाटली कपाटात गेली, गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं, कॅल्शियम चार तासांनी. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, म्हणून पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. रिपोर्ट जागेवर आला.

बाई मात्र जागेवर आल्या नाहीत. थकवा तसाच. तेव्हा कुठे हिमोग्लोबिन पाहिलं, ते ८ निघालं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी त्या रात्री तीनदा उठत होत्या, हेही तेव्हाच कळलं. एरवी असल्या पेशंटचा डोस आणखी वाढवला जातो; मीही पूर्वी वाढवला आहे. जास्तीच्या हार्मोनने हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात, आणि झोप तर मुळातच नव्हती.

या विषयातलं मला सर्वांत आवडणारं काम दवाखान्याबाहेर झालं. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीतलं आयोडीन पाऊस आणि बर्फ धुऊन नेतात, म्हणून तिथे गलगंड पिढ्यान्‌पिढ्या. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एकाला साधं. पहिल्या दोन्हींत गलगंड ठळकपणे घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गळा तपासायला निघालेल्यांनी डोंगर तपासला, औषध वाण्याच्या दुकानातून दिलं. (उपवासाचं सैंधव पवित्र मानून बाराही महिने वापरणाऱ्यांनी पिशवीवर आयोडीनचा उल्लेख आहे का, तेवढं बघावं.) आपल्याकडे बिघाडाची कारणं आता बदलली आहेत, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते असा आजार पुष्कळ दिसतो. हाकारू हाशिमोतोने १९१२ मध्ये ज्याचं वर्णन केलं तो हाच. अशा ग्रंथीला जास्तीचं आयोडीन पाजून फायदा नाही, कधी उलट त्रासच.

हे पुस्तक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं असलं तरी आहारतज्ज्ञ, परिचारिका, आशाताई यांनीही ते हक्कानं उघडावं. पहिलं प्रकरण मिठाचं आहे. गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो, त्याचं प्रकरण चौथं. ज्यांच्या दारात आज अशी पेशंट बसली आहे, त्यांनी ते आधी वाचावं.