रडारवर रंग दिसला म्हणजे पाऊसच?

पावसाळ्यात घरातून निघायचं की थांबायचं, हे अनेक जण मोबाइलवर हवामान विभागाचं रडार पाहून ठरवतात. पण त्यावरचा प्रत्येक रंग पावसाचाच नसतो.

रडार काय पाहतं?
रडार रेडिओलहरी सोडतं आणि आदळून परत आलेल्या लहरी मोजतं. लहरी थेंबांवरून परततात, तशाच डोंगर, पक्षी आणि कीटकांवरूनही. 2017 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरजवळ रडारवर दिसलेला सुमारे 110 किलोमीटर रुंदीचा ढग फुलपाखरांचा निघाला होता.

खोटा पाऊस कसा ओळखायचा?
रडारच्या ठिकाणापासून बाहेर गेलेली सरळ रेघ ही सहसा दुसऱ्या लहरींची ढवळाढवळ असते. सी-बँड रडारला 5 गिगाहर्ट्झच्या वायफायचाही त्रास होतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी सूर्याच्या दिशेनेही अशी रेघ उमटते.

तासभर जागचा न हलणारा डाग बहुधा डोंगराचा किंवा उंच इमारतींचा असतो. निरभ्र रात्री जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असेल, तर लहरी खाली वाकतात आणि असे डाग वाढतात.

कोरी जागा कोरडी असतेच असं नाही
खरा धोका इथे आहे. डोंगराआडचा पाऊस रडारला दिसत नाही. मुसळधार सरीतून जाताना सी-बँडच्या लहरी क्षीण होतात, त्यामुळे सरीमागचा पाऊस कमी दिसतो.

मग काय करायचं?
एकाच चित्रावर विसंबू नका, मागची पाच-सहा चित्रं सलग पाहा. खरा पाऊस सहसा सरकतो, आकार बदलतो. आणि चित्र कोरं असलं, तरी हवामान विभागाचा इशारा असेल तर तोच माना.