रात्रीचे टपाल आणि नागपूरचा तळ

१/ मुंबई ते कोलकाता हे सरळ हवाई अंतर सुमारे १,६६० कि.मी., तर दिल्ली ते चेन्नई सुमारे १,७५५ कि.मी. नकाशावर या दोन रेषा ओढल्यास त्या एकमेकींना नागपूरजवळ छेदतात. स्वतंत्र भारताच्या टपालव्यवस्थेने १९४९ मध्ये या भूमितीचा मोठा उपयोग करून घेतला.

२/ भारतात हवाई टपाल नवे नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईस उतरले होते. तथापि बहुतांश पत्रे रेल्वेनेच जात. मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जवळजवळ दोन हजार कि.मी.; म्हणजे पत्राचे दीड-दोन दिवस वाटेतच सरत.

३/ जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने पुन्हा चारही दिशांना झेपावत. सायंकाळी टाकलेले पत्र सकाळी दूरच्या महानगरात पोहोचे.

४/ हे साधले कसे? नागपूरपासून मुंबई सुमारे ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९०५ व कलकत्ता ९८० कि.मी. डाकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे २७० कि.मी. म्हणजे अडीच ते साडेतीन तासांचे उड्डाण. नागपूर दोन्ही रेषांवर असल्याने वळसा जवळपास शून्य.

५/ १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली. वेग ही केवळ धनिकांची सोय उरली नाही.

६/ आता वाशीमकडे वळू. तेव्हा ते मध्यप्रांत-वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. मुंबई–नागपूर ही सरळ हवाई रेषा कारंजा व मूर्तिजापूर यांच्या दरम्यानून जाते. मात्र वाशीमचे पत्र वाशीमला उतरत नसे. नागपूरहून अकोल्यापर्यंत सुमारे २५० कि.मी. लोहमार्ग आणि पुढे सुमारे ८० कि.मी. सडक, हा प्रवास उरेच. कलकत्ता–नागपूर उड्डाणापेक्षा या शेवटच्या टप्प्याला अधिक वेळ लागे.

७/ या वेगाची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून मद्रासकडे निघालेले रात्रटपालाचे डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळले. १३ जणांचा मृत्यू झाला. केवळ वैमानिक बचावला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून देशांतर्गत विमानसेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली होती.

८/ दोन शहरांतील अंतर भूगोल ठरवतो. त्या अंतराला लागणारा वेळ मात्र व्यवस्था ठरवते. महानगरांचे दिवस एका रात्रीवर आले. वाशीमसारख्या गावांचा वेळ पुढेही रेल्वे आणि सडकच ठरवत राहिली.