एक नोंदवही, अनेक दारे : 'सी' भाषेतून डिरेक्टरी सेवेचा वापर

परळच्या परिसरात किंग एडवर्ड स्मारक रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय आणि वाडिया रुग्णालये एकमेकांपासून थोड्याच अंतरावर उभी आहेत. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांची ये-जा अखंड चालू असते. केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण चित्रे आणि औषधभांडार यांचे प्रोग्रॅम वेगवेगळे असले व प्रत्येकाने वापरकर्त्यांची यादी स्वतंत्र ठेवली, तर सोडून गेलेल्या माणसाचे नाव कोणत्या ना कोणत्या यादीत राहून जाते. रुग्णाची खासगी माहिती बाहेर पडण्यास असे एक विसरलेले नाव पुरेसे ठरते.

यावरचा उपाय म्हणजे डिरेक्टरी सेवा. सर्व कर्मचाऱ्यांची नोंद एकाच सर्व्हरवर ठेवायची आणि प्रत्येक प्रोग्रॅमने ओळख पटविण्यासाठी त्यालाच विचारायचे. नोंद तेथे बंद केली की त्या व्यक्तीला कोणत्याही प्रोग्रॅममध्ये नव्याने प्रवेश मिळत नाही. मात्र हे साध्य होते ते प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम काटेकोर असेल तरच.

पार्श्वभूमी

संगणक-जाळ्यावरील डिरेक्टरीसाठी १९८८ मध्ये 'एक्स.५००' ही आंतरराष्ट्रीय मानके प्रसिद्ध झाली. पण लहान संगणकांना ती पेलणारी नव्हती. म्हणून टीसीपी-आयपीवर चालणारी हलकी पद्धत तयार झाली. तिचे नाव 'एलडॅप'. तिचा पहिला मसुदा १९९३ मध्ये, तर तिसरी आणि आजही वापरात असलेली आवृत्ती १९९७ मध्ये आली. 'सी' भाषेतील फंक्शनांचे वर्णन ऑगस्ट १९९५ मध्ये 'आरएफसी १८२३' या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. तिसऱ्या आवृत्तीसाठी मात्र तसा अंतिम दस्तऐवज निघाला नाही. त्यामुळे ओपनएलडॅप आणि विंडोज यांच्या लायब्ररींत बारीकसारीक फरक आढळतात. पुढील विवेचन ओपनएलडॅपच्या लायब्ररीला धरून आहे.

डिरेक्टरीतील नोंदी झाडाच्या फांद्यांप्रमाणे रचलेल्या असतात. प्रत्येक नोंदीचे पूर्ण नाव टपालाच्या पत्त्यासारखे लिहिले जाते. खोली, चाळ, गल्ली, परळ, मुंबई असा पत्ता जसा लहानाकडून मोठ्याकडे जातो, तसेच येथे आधी व्यक्ती, मग विभाग आणि शेवटी संस्था येते.

प्रोग्रॅमचे टप्पे

पहिला टप्पा 'एलडॅप इनिशिअलाइझ' या फंक्शनचा. त्याला सर्व्हरचा पत्ता द्यावा लागतो. एकाहून अधिक पत्ते दिल्यास पहिला सर्व्हर बंद असताना दुसऱ्याकडे विचारणा होते. हे फंक्शन प्रत्यक्ष जोडणी करीत नाही. ती पहिल्या विनंतीच्या वेळी होते. त्यामुळे येथे यश मिळाले, एवढ्यावरून सर्व्हर चालू आहे असे समजू नये.

त्यानंतर आवृत्ती तीन आणि प्रतीक्षेची कालमर्यादा निश्चित करावी. नावाच्या शेवटी 'एस' असलेली फंक्शने उत्तर येईपर्यंत थांबून राहतात. मर्यादा दिली नाही, तर मध्यरात्री अपघात विभागातील डॉक्टर गोठलेल्या पडद्यासमोर खोळंबतो. कालमर्यादेनंतर काय करायचे, हेही प्रोग्रॅममध्ये आधीच ठरलेले हवे.

तिसरा टप्पा सुरक्षित जोडणीचा. ३८९ क्रमांकाच्या पोर्टवर 'स्टार्ट टीएलएस' वापरावे किंवा ६३६ क्रमांकाच्या पोर्टवर आरंभापासूनच सुरक्षित जोडणी घ्यावी. अन्यथा पासवर्ड जाळ्यावरून उघडा जातो. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी चाचणीपुरती बंद केली असल्यास ती पुन्हा चालू करण्यास विसरू नये.

यानंतर ओळख पटविणे, शोध घेणे, मिळालेल्या नोंदी एकेक करून वाचणे आणि शेवटी जोडणी सोडणे असा क्रम येतो. शोधाचे उत्तर, नोंदीचे नाव आणि गुणधर्मांची मूल्ये यांसाठी घेतलेली मेमरी मोकळी करण्याची फंक्शने वेगवेगळी आहेत. ती वापरली नाहीत, तर महिनोन्‌महिने चालणारा प्रोग्रॅम हळूहळू सर्व मेमरी गिळून टाकतो.

तीन धोके

लॉगिनसाठी सहसा आधी वापरकर्त्याची नोंद शोधतात आणि मग तिचे पूर्ण नाव व दिलेला पासवर्ड घेऊन ओळख पटवितात. येथे पहिला धोका रिकाम्या पासवर्डचा. नाव दिले आणि पासवर्ड कोराच ठेवला, तर एलडॅपच्या नियमांनुसार ती अनामिक विनंती ठरते. काही सर्व्हर तिला 'यश' असे उत्तर देतात. प्रोग्रॅमने तेवढ्यावर विश्वास ठेवला, तर पासवर्ड माहीत नसणाराही आत शिरतो. म्हणून कोरा पासवर्ड सर्व्हरकडे पाठविण्यापूर्वीच नाकारावा.

दुसरा धोका शोधाच्या अटीतील चिन्हांचा. नावाच्या रकान्यात कोणी नुसते '*' लिहिले, तर ती अट सर्वांनाच लागू होते. तारा, कंस आणि उलटी तिरकी रेघ ही चिन्हे ठरलेल्या सांकेतिक रूपात बदलूनच अटीत घालावीत. शोधात एकापेक्षा अधिक नोंदी आल्या, तर पहिली उचलून पुढे न जाता लॉगिन नाकारणे हेच योग्य.

तिसरा धोका देवनागरीचा. तिसऱ्या आवृत्तीत मजकूर यूटीएफ-८ संकेतात ठेवतात, त्यामुळे मराठी नावे विनासायास साठविता येतात. मात्र 'परळ' हा तीन अक्षरांचा शब्द नऊ बाइट व्यापतो. अक्षरे मोजून जागा राखणारा प्रोग्रॅम नाव मध्येच तोडतो किंवा आखलेल्या मेमरीबाहेर लिहितो. यासाठी मूल्य आणि त्याची बाइटमधील लांबी एकत्र देणारी फंक्शनेच वापरावीत.

अखेरची तपासणी

अनेक फंक्शने उत्तरादाखल एक क्रमांक देतात. शून्य म्हणजे यश, ३२ म्हणजे नोंद सापडली नाही, ४९ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही, तर त्याचा क्रमांक निराळा. हे भेद न पाळता प्रत्येक वेळी 'पासवर्ड चुकला' असे सांगणारा प्रोग्रॅम वापरकर्त्याची दिशाभूल करतो. याउलट शंका असताना आत सोडणारा प्रोग्रॅम रुग्णाचा विश्वास धोक्यात आणतो. नोंदवही एकच असावी हे खरे. पण तिचे उत्तर नीट वाचण्याची जबाबदारी प्रत्येक दारावरील प्रोग्रॅमचीच आहे.