गुन्हेगार कोण?

तलासरीत बसून हॉलिवूडच्या काळोख्या गुन्हेपटांची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. सांगतो. १९४१चा ‘द माल्टीज फाल्कन’ घ्या. त्यातला जोएल कैरो मूळ कादंबरीत समलिंगी. पडद्यावर सेन्सॉरच्या धाकाने उरला तो नुसता अत्तराचा वास. आणि माणूस बदमाशांच्या टोळीतला! १९९६च्या ‘बाउंड’ने डाव उलटवला: दोन प्रेयसी माफियाचे वीस लाख डॉलर लांबवून सुटतात, आणि आपण खुशीत हसतो. त्याच वर्षी मुंबईत रियाद वाडियांचा ‘बॉमगे’ हा लघुपट आला. इथल्या प्रेमिकांनी दमडीही चोरली नव्हती, तरी कलम ३७७ त्यांना गुन्हेगार ठरवत होतं. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्यातून सोडवले. आता तशी खट्याळ चोरी आपल्या पडद्यावरही रंगू द्या. प्रेम हाच गुन्हा असताना गुन्ह्याची गंमत कशी करणार, सांगा बरं?