उल्हासच्या जलपर्णीला कोण पोसते?

न्यूझीलंडमध्ये वटवाघळांखेरीज जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणी नव्हता. सशांना आवरायला १८८० च्या दशकात बाहेरून आणून सोडलेल्या स्टोट या छोट्या शिकारी प्राण्यांनी तिथल्या न उडणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडला. उल्हास नदीतली जलपर्णीही परकीच, दक्षिण अमेरिकेतली. मग दोष तिचाच, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. तिथल्या किवी पक्ष्याला अशा शिकाऱ्याची सवयच नव्हती. जलपर्णीला मात्र फोफावायला नत्र-स्फुरद लागते आणि ते सांडपाणी पुरवते. १९४९ मध्ये या नदीजवळ लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांचे उल्हासनगर उभे राहिले, शहराचा कॅम्प नं. ३ हा भाग गजबजला, कारखाने आले. मलनिस्सारण मागे पडले. जलपर्णी यंत्राने काढायलाच हवी, ती पाण्यातला प्राणवायू घटवते. पण नाल्यांच्या पाण्यावर प्रक्रिया झाली नाही, तर ती पुन्हा वाढणारच.